पहिल्या नवऱ्याला कादंबरीत कुठे ठेवायचं?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून एक कादंबरी लिहितेय आणि एका जागी अडले आहे, म्हणून हा धागा. जोडीदार गेल्यानंतर पुन्हा प्रेमात पडणाऱ्या दोघांची गोष्ट आहे. प्रेमकथाच आहे. सामाजिक प्रश्न म्हणून कुणी ती वाचावी असं मला वाटत नाही. या दोघांचं जमावं म्हणून वाचणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा, एवढंच हवंय.

गोष्ट आपल्या नाशिकची. नायिका चव्वेचाळीसची, इंदिरानगरला राहते. नवरा अंबडला एका कारखान्यात होता, एप्रिल २०२१ मध्ये गेला. मुलगी बारावीला, सासूबाई सोबत. ती दिंडोरी रोडवरच्या एका माती-पाणी-देठ परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. नायक दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. बायको कॅन्सरने गेली, एक मुलगा आहे.

पहिली भेट अशी. बाग फुलोऱ्यात असताना तो पानांच्या देठांची पाकिटं घेऊन येतो. पाकिटावर गट नंबर आणि शेतकऱ्याचं नाव लिहिलेलं, तेही बाईचं. फॉर्म भरताना ही विचारते, "यांचा मोबाईल नंबर?" तो म्हणतो, "माझाच लिहा. सातबारा अजून तिच्या नावावर आहे." ही नंबर लिहून घेते, पुढे काही विचारत नाही. हिच्याही घरी लाइट बिल अजून नवऱ्याच्याच नावाने येतं. काही दिवसांनी रिपोर्ट निघतो. वर गेलेल्या बाईचं नाव, खाली नत्र, पालाश, मॅग्नेशियम. लिफाफ्यात घालताना ही ते नाव पुन्हा वाचते. हे प्रकरण मला स्वतःला फार जवळचं आहे.

अडचण त्यापुढची. मसुदा दोन मैत्रिणींना वाचायला दिला. एक म्हणाली, नवरा फारच मध्ये मध्ये येतो, जिवंत माणसाला जागाच उरत नाही. दुसरी म्हणाली, नवऱ्याला जरा वाईट दाखव, संशयी वगैरे, म्हणजे तिचं दुसरं प्रेम लोकांना पटेल. मला दोन्ही पटत नाही. अशा गोष्टींत पहिला नवरा एकतर दारुडा असतो नाहीतर देवमाणूस, आणि कसाही असला तरी तिसऱ्या प्रकरणात त्याच्या फोटोला हार घातला की लेखक सुटला. माझ्या नायिकेचा नवरा साधा, चांगला माणूस होता. रविवारी सकाळी मिसळ खायला घेऊन जायचा, गाडी उगाच जोरात चालवायचा, भांडण झालं की दोन दोन दिवस बोलायचा नाही. असा माणूस मनातून जात नाही आणि जावा तरी का? मग दुसरं प्रेम घरात आलं की हा कुठे बसतो?

अनुभव, वाचन, नुसतं मत, काहीही सांगा.

वाचनवेडी

धागा आवडला. देठाच्या पाकिटाचा प्रसंग तर फारच.

पहिल्या नवऱ्याला वाईट करू नकोस गं. तो वाईट असला की दुसरं लग्न म्हणजे नुसती सुटका होते, प्रेम राहातच नाही.

आपल्याकडे विधवेची गोष्ट सुरू झाली तीच मुळी प्रश्न म्हणून. १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला आणि लगेच १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन'. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण जिचं नाव घेतो ती विधवांच्या हालांवर लिहिलेली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. ते स्वतः विधुर, त्या बालविधवा. त्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांनी सोसलं म्हणून आपण आज हे बोलतोय. पण दीडशे वर्षं आपण एकच विचारत आलो, तिचं लग्न व्हावं की नाही. तिला तो आवडला का, त्याची वाट बघताना तिच्या पोटात खड्डा पडतो का, हे विचारायचं राहूनच गेलं. ते तू लिहितेयस याचा खूप आनंद झाला.

सिडकोकर

वाचायला नक्की आवडेल. एकच सुचवतो, २०२१ टाळता आलं तर बघा. कोविडचं वाचून लोक कंटाळलेत. अपघात दाखवा, हार्ट अटॅक दाखवा. गोष्ट तीच राहील.

रविवार_कारंजा

सिडकोकर, गोष्ट तीच राहणार नाही. स्वतःवरून सांगते.

माझे मिस्टर त्याच महिन्यात गेले. चेहरा बघायला मिळाला नाही. घरी कुणी आलं नाही. दहाव्याला रामकुंडावर मोजकी माणसं, तीही लांब लांब उभी, तोंडाला मास्क. आणि एक गोष्ट कुणाला सुचणार नाही ती सांगते. माझ्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, कुंकू कुणी पुसलं नाही, कारण ते करायला येणाऱ्या बायकाच आल्या नाहीत. मंगळसूत्र मी माझ्या हाताने काढलं, मला वाटलं तेव्हा. पुढच्या वर्षी मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. पेपरात ते वाचताना मला पहिल्यांदा कळलं की मी कशातून वाचले होते.

पण दुसरी बाजूही आहे. रडायला माणसं जमली नाहीत म्हणून ते रडणं वर्षानुवर्षं सुटं सुटं बाहेर येत राहिलं, रिक्षात, बँकेच्या रांगेत. अपघातात गेलेल्या माणसाच्या बायकोचं दुःख वेगळं असतं. मोठं की लहान असं नाही म्हणत मी, पण वेगळं. गोदातीर, तारीख बदलू नका.

गोदातीर

ताई, काय लिहू कळत नाही. तारीख राहणार. मंगळसूत्र तिने स्वतःच्या हाताने काढणं हे कादंबरीत घेऊ का? तुमची परवानगी असेल तरच.

रविवार_कारंजा

घ्या. फक्त ती ते देवघरात ठेवते असं लिहू नका, सगळे तसंच लिहितात. मी ते गोदरेजच्या कपाटात विम्याच्या कागदांबरोबर ठेवलं.

बागायतदार

मी मोहाडी भागातला. कादंबऱ्या फार वाचत नाही, पण द्राक्षाचं नाव दिसलं म्हणून धागा पूर्ण वाचला.

देठ परीक्षणाचं बरोबर आहे. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घेतात. आता पुढे जपून लिहा. शहरातले लोक द्राक्षावर लिहिताना सरळ घडांवर जातात आणि मधलं सगळं सोडून देतात. वर्षात दोन छाटण्या असतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. माल निघतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. गोडी छाटणी झाली की डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची, डोळे फुटले की फेल, म्हणजे बिनघडाची फूट काढायची, मग विरळणी, जीएचे डिपिंग, म्हणजे घड संजीवकात बुडवायचे, आणि मध्येच पाऊस झाला की डावणी रोगाच्या फवारण्या. रात्री-अपरात्री उठून फवारणीचा ब्लोअर चालवावा लागतो. सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या बागेत मुक्कामी असतात, त्यांचं किराणा-पाणी बघायचं. हे पूर्वी त्याची बायको बघत असणार. शेतकऱ्याची बायको जाते तेव्हा घर तर बसतंच, पण बाग आधी बसते. टोळीचा हिशोब कोणत्या वहीत आहे हेही त्याला माहीत नसतं. हे दाखवा.

आणि एक विनंती. खरड छाटणीत वेल पार बोडका करतात आणि मग नवी फूट येते, त्याची तुलना माणसाच्या दुःखाशी करू नका. कुणीतरी सुचवेलच. छाटणी आपण ठरवून करतो, तारीख आपण काढतो. बायको जाते ते कुणी ठरवलेलं नसतं. मी हे दोन्ही केलंय, म्हणून सांगतो.

गोदातीर

दादा, वहीचा प्रसंग घेते. तुमच्या शेवटच्या ओळीवर काही बोलत नाही, फक्त मनापासून आभार. छाटणीची तुलना माझ्या दुसऱ्या प्रकरणात होती, ती आज काढून टाकली.

येवलेकर

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. वाचनवेडी यांनी जो इतिहास दिला तो सगळ्या महाराष्ट्राचा नाही. आमच्यासारख्या कितीतरी समाजांत पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न लावायची पद्धत पूर्वापार होती. माझ्या पणजीचा पाट लागला होता. ज्यांच्यात बंदी होती त्यांच्या गोष्टी छापल्या गेल्या आणि तोच सगळ्यांचा इतिहास ठरला. तुमचा नायक शेतकरी आहे, त्याच्या गावात विधवेने पुन्हा घर केलं म्हणून कुणी चक्कर येऊन पडणार नाही.

पण पाटाचेही गोडवे गाण्यासारखं काही नव्हतं. रात्री लागायचा, वाजंत्री नाही, वरात नाही. बरेचदा दिरालाच पुढे करायचे, म्हणजे जमीन आणि बाई दोन्ही घरात. पणजीला कुणी विचारलं नसेल. विधुराची तर वर्ष व्हायच्या आत मुलगी बघायला सुरुवात, कारण पोरांना कोण बघणार? तुमच्या नायकावरही हा दबाव येऊन गेलेला असणार. त्याने नाही का म्हटलं, हे वाचायला मला आवडेल.

वाचनवेडी

येवलेकर, अगदी मान्य. ही बाजू धाग्यात यायलाच हवी होती, बरं झालं लिहिलंत.

मेनरोडची_आजी

नातवाने टाइप करून दिलं आहे. माझं वय झालंय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गोदातीर बाळा, तू सुनेचं लिहितेस, नवऱ्याचं लिहितेस. तुझ्या गोष्टीतल्या सासूबाई काय करतात ते तू दोन शब्दांत उरकलंस. मी ती सासू आहे. माझा मुलगा गेला आणि काही वर्षांनी सुनेने लग्न केलं. नवरामुलगा चांगला होता, बघायला मीच गेले होते, साडी मी घेतली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, केवढं मोठं मन. मला त्या कौतुकाचा वीट आला. कुणी हे विचारलं नाही की आता घरात माझ्या मुलाचं नाव घेणारं कोण राहिलं? सून होती तोवर आम्ही दोघी संध्याकाळी बोलायचो, त्याला कारल्याची भाजी कशी चालायची नाही, तो मेन रोडवरून पतंगाचा मांजा घेऊन यायचा ते. ती गेली आणि ते बोलणं बंद झालं. ती सुखात आहे, मला फोन करते, पण फोनवर आम्ही त्याचं नाव घेत नाही. तिला वाटतं मला त्रास होईल. मला वाटतं तिच्या घरी कुणी ऐकेल.

तुझ्या सासूबाईंना एकदा तरी रागावू दे. त्यांना आशीर्वाद देणारी म्हातारी करून सोडू नकोस.

रविवार_कारंजा

आजी, तिला फोन करा आणि तुम्हीच आधी नाव घ्या. ती वाट बघत असेल. मी बघते माझ्या सासूबाईंच्या फोनची.

गोदातीर

आजी, तुमच्या प्रतिसादाने माझी निम्मी कादंबरी हलली. सासूबाई रागावणार. कशावर रागावतील तेही कळलं. लग्नावर नाही, तर कुणीतरी "आता जुनं सगळं विसरा" म्हणेल त्यावर.

कोर्टकचेरी

सासूबाईंच्या रागाला कायद्याचंही पाठबळ आहे, ते सांगते. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वारस तीन: बायको, मुलगी आणि आई. तिघींना समान हिस्सा. म्हणजे इंदिरानगरच्या फ्लॅटचा एक तृतीयांश सासूबाईंचा आहे. त्या "सुनेच्या घरात" राहत नाहीत, स्वतःच्या घरात राहतात. कादंबरीत हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभेल.

पुनर्विवाह केला म्हणून नायिकेचा हिस्सा जात नाही. १८५६ च्या कायद्याने लग्नाला परवानगी दिली खरी, पण लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा, जणू ती त्या दिवशी मेलीच. आता तसं नाही. मात्र पेन्शन बंद होते. खासगी कारखान्यातल्या कामगाराच्या विधवेला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून पेन्शन मिळते, ती मरेपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत. किमान रक्कम महिना १००० रुपये आहे. रक्कम लहान वाटेल, पण माझ्या ओळखीच्या बायका त्या पैशांना नवऱ्याचे पैसे म्हणतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात.

नायकाची जमीन बायकोच्या नावावर आहे, तर तिथे तो आणि मुलगा वारस. तलाठ्याकडे वारस नोंद लावायला तो का टाळतोय हे तुम्हाला माहीत असेलच. आणि दोघांचं लग्न नोंदवायला जाल तेव्हा विधवा, विधुर असं लिहून दोन्ही मृत्यूचे दाखले जोडावे लागतात. लग्नाच्या फाइलमध्ये ते दोघंही हजर असतात.

सिडकोकर

लग्नाच्या फाइलमध्ये ते दोघंही हजर असतात! हे घ्याच. आणि कोविडबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतो.

मन_मोकळं

मी समुपदेशनाचं काम करते. मैत्रिणीचा आक्षेप, नवरा फार वेळा येतो, त्याबद्दल थोडंसं. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) लोकांना पाठ असतात, पण १९६९ मध्ये त्या मांडल्या गेल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांवरून, मागे राहिलेल्यांवरून नाही. १९९६ पासून या क्षेत्रात ठळकपणे मांडलं जातंय की गेलेल्या माणसाशी नातं तुटावंच लागतं असं नाही, ते बदलून चालू राहतं. १९९९ मध्ये स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी सांगितलं की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात येत-जात राहतो. तेव्हा नवरा येऊ दे. पण नायकाबरोबर छान दिवस गेला की लगेच रात्री अपराधी वाटून नवरा आठवतो, असं यंत्रासारखं करू नका. कधी तो नुसता मिसळीत पोहे कमी पडले म्हणून आठवू दे.

पंचवटीकर

सगळे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्नाला, म्हणजे पहिला नवरा कुठे बसतो याला, कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. आमचं घर रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. गावोगावहून लोक अस्थी घेऊन येतात ते लहानपणापासून बघतोय.

आपल्या रीतीत मेलेल्या पहिल्या बायकोला दुसऱ्या लग्नानंतरही जागा आहे. पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी. सवाष्ण जेवायला घालतात. माझ्या आजोबांचं दुसरं लग्न. माझी आजी दर नवमीला थोरलीसाठी स्वयंपाक करायची, तिला आवडायची म्हणून गव्हल्यांची खीर. थोरलीला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या आवडीनिवडी तिला पाठ होत्या. तुमची नायिका बागायतदाराच्या घरी गेली की तिच्यावर ही नवमी येणारच, आणि ज्या नावाचा रिपोर्ट तिने छापला त्या बाईसाठी ती चुलीपाशी उभी राहणार.

आता उलटं बघा. हिच्या गेलेल्या नवऱ्यासाठी या नव्या घरात कोणती तिथी आहे? एकही नाही. थोरलीचं पान वाढायची सोय शास्त्राने करून ठेवली, थोरल्याची केली नाही. कारण बाई दुसऱ्या घरी जाईल आणि मन मागे ठेवेल, हे कुणी धरूनच चाललं नव्हतं. मला वाटतं तुमची कादंबरी इथे आहे.

एक वाट मात्र आहे. सर्वपित्री अमावस्येला तर्पणात फक्त बाप-आजोबा नसतात. आईकडचे, सासरचे, गुरू, मित्र, आप्त सगळ्यांना पाणी देता येतं. नायकाने ठरवलं तर तो तिच्या पहिल्या नवऱ्याला आप्त म्हणून तिलांजली देऊ शकतो. नाव आणि गोत्र लागेल. गोत्र त्याला कुठून कळणार?

रविवार_कारंजा

सासूबाईंकडून. त्याला सासूबाईंना फोन करावा लागेल.

गोदातीर

मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. नायकाने सासूबाईंना फोन करून त्यांच्या मुलाचं गोत्र विचारणं. बाकी प्रकरणं कशीही बदलोत, हा फोन राहणार.

वाचनवेडी

थांबा थांबा. फोन सुंदर आहे, पण पाणी त्यानेच का द्यायचं? सतरा-अठराची मुलगी आहे ना घरात? आता मुलीही श्राद्ध करतात. बापाचं तर्पण आईच्या नव्या नवऱ्याने करायचं आणि लेकीने बघत उभं राहायचं, हे मला खटकेल.

येवलेकर

मुलीने बापाचं केलं तर ते तिचं आणि बापाचं झालं. ह्याने केलं तर तो त्या माणसाला आपल्या घरात घेतोय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही होऊ देत की.

मेनरोडची_आजी

दोन्ही होऊ देत. आणि सासूबाईंनी फोनवर गोत्र लगेच सांगू नये. आधी विचारावं, "तुम्हाला त्याच्याबद्दल काय काय माहीत आहे?"

गोदातीर

आजी, हे वाक्य तुमच्याच शब्दांत येईल. वाचनवेडी, मुलगीही करेल. तिचा आणि नायकाचा अबोला आहे पुस्तकभर, तो मी तिथे मिटवणार नाही, पण दोघं एकाच गुरुजींसमोर बसतील. नवमीचं प्रकरण त्याआधी येईल, गव्हल्यांच्या खिरीऐवजी दुसरं काही शोधते, ती खीर पंचवटीकरांच्या आजीची आहे.

बागायतदार दादा, तुम्हाला एक विचारायचंय. पितृपक्ष साधारण सप्टेंबरमध्ये. त्या वेळी बागेत काय चालू असतं? तो अर्धा दिवस काढून शहरात येऊ शकेल का?

बागायतदार

येईल. बागलाणकडे अर्ली छाटण्या तेव्हा होऊन गेलेल्या असतात, आमच्याकडे तयारी सुरू असते. टोळीशी बोलणी, शेणखत, औषधांची जमवाजमव आणि सारखं पावसाच्या अंदाजाकडे लक्ष. छाटणी सुरू झाल्यावर बोलावलंत तर येणार नाही, सर्वपित्रीला येईल. फक्त सकाळी लवकर निघू द्या. त्या दिवशी रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते आणि गाडी लावायचा तर प्रश्नच नको. मुलाला गाडीपाशी थांबवा.

नवमीला काय करायचं ते शोधताय तर आमच्याकडची शेवग्याच्या शेंगांची आमटी बघा. माझ्या मंडळींना आवडायची. हवी असल्यास कृती वहिनींकडून विचारून देतो.